सात पाण्यांचा कुत्रा

२७ डिसेंबर, शनिवार

आज माझ्या अंगणात एक कुत्रा बांधला गेला आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

कुत्रा आमच्या कफीलचा, म्हणजे यांच्या मालकाचा, अबू मिशालचा. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, उद्या रियाधला निघतात. मुलगे जेद्दाला, बागेचा रखवालदार सुट्टीवर. मग उरलं कोण? ज्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात आहे तो. माझ्या मुलाचे, उमैरचे अब्बा अठ्ठावीस वर्षं सौदीच्या उत्तरेकडच्या या तुरैफ गावात त्यांचं टायर-बॅटरीचं दुकान सांभाळतात आणि एवढ्या वर्षांत त्यांना अबू मिशालपुढे एकदाही नाही म्हणता आलेलं नाही. दुपारी पिकअप दारात थांबली. मागे कुत्रा उभा, पुढे हे, काचा गच्च वर केलेल्या.

त्याचं नाव बर्क. सलुकी म्हणतात या जातीला, सशामागे पळणारी. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका बारीक. मला वाटलं उपाशी ठेवलाय, तर हे म्हणाले जातच तशी. अबू मिशालसमोर त्याला कुत्रा म्हणायचं नाही, सलुकीच म्हणायचं, नाहीतर त्यांना वाईट वाटतं. मला वाईट वाटतं त्याचं काय, ते कोणी विचारत नाही.

आम्ही कोकणातले शाफई मुसलमान. म्हसळ्याच्या मक्तबात उस्तादांनी छडी हातात घेऊन शिकवलेलं अजून पाठ आहे: कुत्र्याचं ओलं अंग लागलं की ती जागा सात पाण्यांनी धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. आणि आता मी रोज दोन वेळा याला फिरवायचं. हे फिरवू शकत नाहीत, कारण लहानपणी श्रीवर्धनच्या बाजारात यांना कुत्रा चावला होता आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती गोष्ट मी लग्नापासून ऐकते आहे. दोन वेळा फिरवायचं! मला या गावात कोणी आठवड्यातून एकदा फिरवलं नाही.

संध्याकाळी दर शनिवारसारखा उमैरचा फोन आला. तिकडे कॅनडात तेव्हा सकाळ असते. त्याला हे सांगितलं तर हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. केस आखूड आहेत का, अंगणात आडोसा आहे का, झोपतो कशावर, असं काय काय विचारत बसला. माझे गुडघे कसे आहेत हे विचारायचं राहून गेलं. मागे नेहमीचा तो टकटक आवाज चालूच होता. उझमा, म्हणजे माझी सून, लाकडी फरशीवर उंच टाचांचे सँडल घालून घरभर फिरते. सासूचा फोन चालू असताना तरी बसावं माणसाने. पण बसायचं कशाला? तिला मी नकोच आहे. कॅनडाचा व्हिसा माझ्या पासपोर्टात तीन वर्षं पडून आहे, नात चार वर्षांची झाली, आणि मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. विचारलं की उमैर म्हणतो, यंदा थंडी फार आहे अम्मी. उन्हाळ्यात विचारलं की म्हणतो, सुट्टी नाही. हे शब्द त्याचे नाहीत. आई आहे मी, मला कळतं.

२९ डिसेंबर, सोमवार

एक तोडगा सापडला. कोरड्याला कोरडं लागलं तर काही बाधत नाही, हेही उस्तादांनीच शिकवलं होतं. ओलं लागलं तरच सात पाणी. दुपारी रस्त्यावर टँकरचं सांडलेलं पाणी, चिखल, सगळं ओलं. पण पहाटे फजरच्या नमाजनंतर बाहेर बघावं तर पाणी गोठून दगड झालेलं, माती खडखडीत, कुत्र्याचं अंगही कोरडं ठक्क. म्हणजे फिरवायची वेळ ती. एकदाच, पण लांब.

हे म्हणाले, या वेळी गाडीची बॅटरीसुद्धा चालू होत नाही. मी म्हटलं, माझी होते.

अबायाच्या आत दोन स्वेटर, हातात यांच्या दुकानातले हातमोजे. बर्क दारातून बाहेर पडला आणि मागे फिरून माझ्याकडे बघत राहिला. मी साखळी ओढली तेव्हा चालला. पायांत ताकद आहे, पण पाऊल टाकतो जपून, नवीन सुनेसारखा. त्याला थंडी वाजत होती हे दिसत होतं. मलाही वाजत होती. आमच्या दोघांत कोण कोणाची नोकरी करत होतं, ते अजून ठरायचं आहे.

१ जानेवारी, गुरुवार

कोकणी बायकांच्या ग्रुपवर बातमी पोचली. हफ्र अल बातिनहून अरवाने लिहिलं, "शरफूभाभी, ऐकलं ते खरं का?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. जिच्या घरी मुलं जेवताना ताटात मोबाईल ठेवतात, तिने मला पाकी-नापाकी शिकवावी. मी उत्तर दिलं नाही. आठ वर्षं म्हसळ्याच्या मराठी शाळेत शिकवलं आहे, कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाला बाकावर उभं करायचं हे मला कळतं.

सकाळी बर्कने ओलं नाक माझ्या हाताला लावलं. हातमोजा काढलेला होता, माझीच चूक. सात पाणी करायला बसले तर नळाचं पाणी सुईसारखं, आणि अंगणातली माती कुदळीलाही दाद देईना. शेवटी कुंडीतली माती फोडून एका वाडग्यात भरली आणि हीटरजवळ ठेवली. संध्याकाळी बघते तर वाडग्यात चिखल. उमैरच्या अब्बांना वाटलं मी कोथिंबीर पेरली आहे. त्यांनी पाणी घातलं, आणखी दोन दिवस घालणार होते म्हणाले. या घरात मला विचारून कोणी काही करतच नाही.

३ जानेवारी, शनिवार

उमैरने आज अर्धा फोन कुत्र्यावर घालवला. मी पहाटे नेते म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला.

"अम्मी, पहाटे नको नेऊ. सलुकीच्या अंगावर चरबी नसते. दुपारी ने, थोडंच ने. आणि रस्त्यावर मीठ टाकलं असेल तर त्यावरून नेऊ नको, पंजे चिरतात, मग मीठ आत जातं. घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धू. कढत नाही, कोमट. बोटांच्या मधे पुसायचं."

मी विचारलं, हे तुला कुठून कळलं? म्हणाला, "आमच्याकडे..." आणि थांबला. मग म्हणाला, इथे लोक पाळतात ना, ऐकतो. इंजिनियर मुलगा, ऐकीव ज्ञानावर कुत्र्याच्या बोटांपर्यंत पोचला. दहावीत याला बेडकाचं हृदय काढून दाखवता येत नव्हतं.

मधेच झोया स्क्रीनवर आली. मी म्हटलं सलाम कर. ती म्हणाली, "दादी, तो स्निफ करतो ना, तेव्हा डोन्ट पुल. ही इज रीडिंग." चार वर्षांच्या पोरीला कुत्र्याचं वाचन समजतं आणि दादीचा सलाम समजत नाही. हे संस्कार कोणाचे, ते मी लिहीत नाही. मागे टकटक चालूच होती.

शेवटी मी सरळच विचारलं. म्हटलं, मार्चमध्ये येते, तिकीट तुझे अब्बा काढतील, तुला काही करायचं नाही. तो खाली बघायला लागला. म्हणाला, "अम्मी, घर लहान आहे."

घर लहान आहे! श्रीवर्धनला दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं राहत होतो आणि पाहुणा आला की कोणी म्हणत नव्हतं घर लहान आहे. मी फोन यांच्या हातात दिला आणि आत गेले. रडले नाही. राग आला होता, फक्त राग.

आणि पहाटे नको म्हणे. दुपारच्या चिखलात मी रोज दोन वेळा सात पाणी करू? त्याला काय जातं सांगायला.

६ जानेवारी, मंगळवार



रात्रीतून बर्फ पडला. सगळा गाव वेडा झाला आहे, मुलं गाड्यांच्या टपावर बसून फोटो काढतात, रस्त्याच्या कडेला लाकडं पेटवून चहा चाललाय. मी पहाटे उठले तेव्हा बर्फ वरून कडक झालेला होता. कडक म्हणजे कोरडा, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याला घेऊन निघाले.

चौकात नगरपालिकेने मीठ पसरलं होतं. खडे मीठ, बोंबील खारवताना घालतो तसलं. तिथून पुढे तो विचित्र चालायला लागला. एक पाय उचलायचा, थांबायचा, मग दुसरा उचलायचा. मी म्हटलं नाटक करतोय. मी ओढला. तो चार पावलं आला आणि उतारावर त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. पडला. ओरडला नाही, केकाटला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मागे वळून बघितलं तर पांढऱ्यावर लाल ठिपके, चौकापासून इथपर्यंत, एकेका पावलाचे. तेवढं सगळं अंतर मी त्याला ओढत आणला होता.

मला उमैरचे शब्द आठवले. पंजे चिरतात, मग मीठ आत जातं. सांगितलं होतं त्याने, आणि मी ऐकलं नव्हतं. माझे हात धुवावे लागू नयेत म्हणून मी या जनावराला रोज गोठायच्या वेळी बाहेर काढत होते. मला माझाच संताप आला. असा संताप मला उझमाचाही कधी आला नाही.

मी रस्त्यातच बसले. हातमोजे काढले, बूट काढून पायमोजे काढले, आणि चारही त्याच्या पंजांना चढवले. त्याचं रक्त, त्याची लाळ, वितळलेला बर्फ, सगळं माझ्या हातांना लागलं. मग गळ्यातली नमाजची ओढणी त्याच्या अंगावर घातली, कारण तो कापत होता आणि दुसरं काही नव्हतं. यांना फोन केला.

हे आले. ज्या माणसाने लग्नानंतर कुत्र्याच्या भीतीने तीन घरं बदलली, त्याने त्याला दोन्ही हातांनी उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. मी दाराकडे बसले. घरी पोचेपर्यंत हे भीती जावी म्हणून मोठ्याने कुराणातली आयतल कुर्सी म्हणत होते आणि बर्क यांच्या बाहीवर हनुवटी टेकवून बसला होता.

अंगणात ठेवायची हिंमत झाली नाही. आत घेतलं. कोमट पाण्याने पाय धुतले, बोटांच्या मधे पुसलं, व्हॅसलीन लावलं. मग मी माझे हात धुतले, सात वेळा, एकदा मातीने. काही जड गेलं नाही. एवढंच होतं ते.

आता तो पॅसेजमध्ये यांच्या जुन्या ब्लँकेटवर आहे. मधेच उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येतो. हा आवाज मी कुठेतरी ऐकला आहे. कुठे ते आठवत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

मेंढ्या-उंटांचा सीरियन डॉक्टर येऊन गेला. पंजे भरतील म्हणाला, कानांच्या टोकांना थंडी लागली आहे, पहाट खलास. फिरवायचं तर ऊन चढल्यावर, आणि पायांत काहीतरी घालून. मग मला इथल्या रीतीने हज्जा म्हणत म्हणाला, तुमच्या मुलाला बरीच माहिती आहे. मी त्याला उमैरने सांगितलेलं सगळं सांगितलं होतं.

बूट इथे कुठे मिळणार? यांच्या दुकानातून टायरची जुनी ट्यूब आणली. खाली रबर, आत ब्लँकेटचा तुकडा, वर नाडी. पहिला जोड चुकला, त्याने दातांनी काढून टाकला. दुसऱ्या वेळी कागदावर त्याचा पाय ठेवून पेन्सिलीने माप घेतलं, मग बरोबर बसला. आज दुपारी वितळलेल्या चिखलातून आम्ही मशिदीच्या भिंतीपर्यंत गेलो. तो एका खांबापाशी बराच वेळ हुंगत थांबला. मी ओढलं नाही. वाचू दे म्हटलं. घरी आल्यावर सात पाणी.

रियाधहून अबू मिशालचा फोन आला, त्यांचं ऑपरेशन उद्या आहे. हे मला खुणेने सांगत होते, सांगू नको. मी फोन घेतला आणि माझ्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं, चौकातलं मीठसुद्धा.  त्यांनी विचारलं, जेवतो का? मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, मग मीही जेवतो. माणूस वाईट नाही. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाने कुत्र्याआधी बायकोला फोन करावा, हे माझं मत कायम आहे.

१० जानेवारी, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

संध्याकाळी उमैरचा फोन आला. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, तरी घेतला, कारण पंजे बरे झाल्याचं सांगायचं होतं. सोफ्यावर तो, शेजारी उझमा पाय पोटाशी घेऊन बसलेली. पायांत जाड लोकरीचे मोजे. झोया तिच्या मांडीवर. तिघंही समोर, तिघंही बसलेली.

आणि मागून आवाज आला. टकटक, टकटक, टकटक.

इकडे माझ्या पॅसेजमध्ये बर्क उठला. बूट रात्री काढून ठेवलेले असतात. तो फोनच्या दिशेने फरशीवरून चालत आला. तोच आवाज. दोन घरांत, एकाच वेळी, तोच. त्याने कान उभे केले आणि स्क्रीनकडे बघितलं.

झोया काहीतरी सांगत होती, माझ्या कानात शिरलं नाही. मला सगळं उलगडत गेलं: आमच्याकडे म्हणून थांबला तो, बोटांच्या मधे पुसायचं, घर लहान आहे.

मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

उमैर म्हणाला, "कोणाचं, अम्मी?" उझमाने त्याच्या हातावर हात ठेवला.

झोया म्हणाली, "बटाटा."

कॅनडातल्या कुत्र्याचं नाव बटाटा. उमैरने ठेवलेलं असणार, त्या घरात दुसरं कोण ठेवेल. मग तो स्वतःच स्क्रीनवर आला, पिवळट, केसाळ, तोंडात झोयाची चप्पल. बर्कशी त्याची काही तुलना नाही. भरल्या घरातला दिसतो.

उमैर रडायला लागला. म्हणाला, झोयाच्या जन्माआधीपासून आहे. सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आली असतीस तरी दारातून परत गेली असतीस, आणि ते मला बघवलं नसतं. उझमा हळूच म्हणाली, "अम्मी, मी कधीची म्हणते, सांगून टाकू."

मला असा राग आला! तीन वर्षं! तीन वर्षं मी या मुलीला मनात काय काय बोलले, आणि ती माझ्या बाजूने भांडत होती. सँडलचं मी कोणाजवळ बोलले नव्हते, अल्लाची मेहरबानी.

मी उमैरला म्हटलं, "परीक्षा न घेताच मला नापास केलंस. मी शिकवत होते तेव्हा मठ्ठातल्या मठ्ठ पोरालाही पेपर द्यायचे."

खरं सांगायचं तर दोन आठवड्यांपूर्वी विचारलं असतं तर मी नापासच झाले असते. पण ते त्याला कशाला सांगू?

मग मी विचारलं, तुमच्याकडे माती आहे का? म्हणाला, अम्मी, जमीन एप्रिलपर्यंत गोठलेली असते. मी म्हटलं, ठीक आहे, मी घेऊन येते, एक डबाभर पुरेल. तो म्हणाला, विमानतळावर माती चालत नाही, काढून घेतात. हा कुठला देश? कुत्रा घरात चालतो आणि माती चालत नाही!

उमैर ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. माती कशाला हवी ते त्याला माहीत आहे. त्याच उस्तादांकडे सुट्टीत मीच त्याला पाठवत होते.

१४ जानेवारी, बुधवार

अबू मिशाल बरे आहेत, पुढच्या आठवड्यात परत येतात. बर्क आता पाय उचलून धरतो, बूट घाला म्हणून. हे त्याला आयतल कुर्सी ऐकवत दुकानात घेऊन जातात. यांनी माझं मार्चचं तिकीट काढलं, मला न विचारता. या वेळी मी काही बोलले नाही.

उमैरने फोटो पाठवला. बाथरूमच्या कोपऱ्यात बादली, तांब्या, आणि शेजारी दुकानातून आणलेली मातीची पिशवी. तिकडे माती विकत मिळते म्हणे. मोठं करून वाचलं तर पिशवीवर लिहिलंय, शेणखतयुक्त. शेणखताची माती सात पाण्यांना कशी चालेल? एवढा शिकलेला मुलगा, मक्तबात काय झोपा काढत होता? लगेच लिहिलं, बदलून आण, साधी माती हवी. आणि बटाट्याच्या पायाचं माप पाठव, कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीने. तिकडच्या दुकानी बुटांवर माझा विश्वास नाही.

आताच मापाचा फोटो आला. कागदावर कुत्र्याचा पंजा, वेडावाकडा, हललेला. त्याच्या शेजारी झोयाने आपलं पाऊलही काढून ठेवलंय, पाचही बोटं मोकळी करून. तिचं मी मागितलं नव्हतं.

ट्यूब मोजून बघितली. दोघांना पुरेल.